मरणोन्मुखांच्या सेविका : सिसिली साँडर्सबाई

ज्या घरात बरा न होणारा रोगी अंथरुणास खिळलेला असतो, त्या घरात एक वाक्य हमखास कानी पडते. डॉक्टरांनी हात टेकले, आता करण्यासारखे काही उरले नाही, असे ते वाक्य होय. ते एकदा बोलले गेले म्हणजे शेजारीपाजारी हळूहळू येईनासे होतात. आणि आम्हां पाळकांस व उपदेशकांस कबूल केले पाहिजे की, आमचीही पावले त्या उंबरठ्याशी अडखळतात. घाईने प्रार्थना करून आम्ही बाहेर पडतो. ते वाक्य खरे नाही हे ज्या बाईंनी आपल्या सबंध आयुष्याने दाखवून दिले, त्यांची हकीकत आज सांगण्याचे योजिले आहे.

सिसिली साँडर्स यांचा जन्म २२ जून १९१८ रोजी इंग्लंडात, लंडनच्या उत्तरेस असलेल्या बार्नेट गावी झाला. घरी पैशाची ददात नव्हती. परंतु आईबापांचे एकमेकांशी पटत नसे, आणि उंच व लाजाळू असलेली ही मुलगी शाळेत एकटी पडे. एकटेपणा कसा असतो, हे त्या असे लहानपणीच शिकल्या. १९३८ साली त्या ऑक्सफर्डच्या विद्यापीठात गेल्या. पुढल्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले, तेव्हा पुस्तके बाजूस ठेवून १९४० साली त्यांनी लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात परिचारिकेचे शिक्षण आरंभिले. हे काम त्यांस मनापासून आवडले. पण पाठीच्या दुखण्यामुळे ते सोडावे लागले. मग त्यांनी ऑक्सफर्डची पदवी पुरी केली, आणि रोग्यांच्या घरच्या अडचणी समजून घेऊन त्यांस मदत मिळवून देण्याचे इस्पितळातीलच दुसरे काम पत्करले. १९४५ साली काही ख्रिस्ती मित्रमंडळींबरोबर त्या कॉर्नवॉल प्रांती सुटीस गेल्या असता त्यांच्या ठायी विश्वास उत्पन्न झाला. आपण देवाची सेवा कोणत्या कामी करावी, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या मनात घोळत राहिला.

ह्या प्रश्नाचे उत्तर एका परक्या, निर्धन मनुष्याच्या हातून आले. १९४७ साली त्यांच्या देखरेखीखाली डेव्हिड टास्मा नावाचा रोगी आला. तो पोलंड देशातील वॉर्सा शहरचा यहूदी असून लंडनमध्ये वाढप्याचे काम करी. वय चाळीस, रोग कर्करोग, आणि त्या अफाट शहरात त्याचे रक्ताचे असे कोणीही नव्हते. आपले आयुष्य कोणाच्याही स्मरणात राहण्याजोगे झाले नाही, हे दुःख त्यास रोगाइतकेच जाळीत होते. बाई त्याच्या बिछान्याशी बसत. मरणोन्मुखांकरिता एखादे शांत घर असावे, असे दोघे बोलत. एके दिवशी त्याने समाधानाचे काही ऐकविण्यास विनविले, तेव्हा बाईंनी पाठ असलेले स्तोत्र म्हटले. आणखी काही पुस्तकातून वाचून दाखवू काय, असे त्यांनी पुसताच तो नको म्हणाला. त्यांच्या स्वतःच्या मनात व अंतःकरणात जे आहे तेवढेच त्यास हवे होते. फेब्रुवारी १९४८ मध्ये तो मरण पावला. मागे राहिलेले ५०० पौंड त्याने बाईंच्या नावे ठेविले होते, ते अशासाठी की, त्यांच्या घराची एक खिडकी आपण व्हावे. तोवर घर नव्हते, जागा नव्हती, आराखडाही नव्हता. खिडकी मात्र मिळाली. आणि तिच्याभोवती घर उभे करण्यास एकोणीस वर्षे लागली.

ती वर्षे रिकामी गेली नाहीत. सेंट लूक नावाच्या एका सेवागृहात मरणोन्मुखांची शुश्रूषा होत असे. तेथे बाई फावल्या वेळी सेवा करू लागल्या. तेथे त्यांनी एक साधी पण मोठी गोष्ट पाहिली. इतर इस्पितळांत कळा असह्य होऊन रोगी ओरडू लागला म्हणजे मग मॉर्फीन टोचीत. त्याचा अंमल उतरताच कळा पुन्हा उठत, आणि बिचारा रोगी घड्याळाकडे डोळे लावून पुढच्या सुईची वाट पाहत पडे. सेंट लूकमध्ये मात्र कळ उठण्यापूर्वीच नेमल्या वेळी औषध देत. ह्या कामात पुढे जावयाचे तर काय करावे, असे बाईंनी बॅरेट नावाच्या शस्त्रवैद्यांस विचारले. मरणोन्मुखांस डॉक्टरच सोडून जातात, तेव्हा तुम्हीच डॉक्टर व्हा, असा सल्ला त्यांनी दिला. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या आणि १९५७ साली डॉक्टरीची परीक्षा उतरल्या.

१९५८ पासून लंडनच्या हॅकनी भागात, रोमन कॅथलिक भगिनींनी चालविलेल्या सेंट जोसेफ सेवागृहात त्यांचे काम सुरू झाले. तेथे त्यांनी मॉर्फीन तोंडावाटे, चार चार तासांनी, प्रत्येकाच्या वेदनेच्या मानाने देण्याची शिस्त घातली. हजाराहून अधिक रोग्यांच्या नोंदी त्यांनी ठेविल्या. ह्या औषधाने रोग्यास व्यसन जडते व तो गुंगीत पडून राहतो, अशी भीती वैद्यांस वाटे. परंतु बेताने व वेळेवर दिले असता रोगी शुद्धीवर राहतो, जेवतो, आपल्या माणसांशी बोलतो, असे त्यांच्या अनुभवास आले.

तथापि औषधाने भागत नाही, हेही त्यांनीच सांगितले. देहाची कळ, मनाची भीती, संसाराची चिंता आणि आत्म्याची तळमळ ही एकाच वेदनेची चार अंगे आहेत, असे त्या शिकवीत. डोक्यावरचे कर्ज, लग्नाची राहिलेली मुलगी, भावाशी धरलेला अबोला, ह्यांनीही रात्रीची झोप उडते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

जुलै १९६७ मध्ये दक्षिण लंडनमधील सिडनम येथे त्यांचे घर उघडले. त्यास वाटसरूंचा कैवारी मानलेल्या संत ख्रिस्तोफरचे नाव दिले. अशा घरास इंग्रजीत हॉस्पिस म्हणतात. पूर्वी हा शब्द पांथस्थांच्या धर्मशाळेस लावीत. घराचा पाया ख्रिस्ती होता. परंतु दार कोणत्याही धर्माच्या व धर्म न मानणाऱ्याही मनुष्यास मोकळे होते, आणि कोणावर उपदेशाची सक्ती नव्हती. सेवेबरोबर तेथे शिक्षण व संशोधनही चाले. १९६९ पासून तेथील परिचारिका रोग्यांच्या घरी जाऊ लागल्या. प्रवेशाजवळ टास्माच्या नावाची साधी काचेची खिडकी बसविली होती.

वेदना सोसवत नाहीत म्हणून वैद्याने रोग्याचा प्राण घ्यावा, ह्या मतास बाईंनी शेवटपर्यंत विरोध केला. तसेच मरण जवळ आले असता व्यर्थ उपचारांनी देहाचे हाल लांबविणेही त्यांस पसंत नव्हते. वेदना हटवा व सोबत द्या, हा त्यांचा मार्ग होता. १९८१ साली त्यांस टेम्पलटन पारितोषिक मिळाले आणि १९८९ साली राणीकडून ऑर्डर ऑफ मेरिट हा थोर मान मिळाला. पुढे त्यांस स्वतःलाच कर्करोग झाला, आणि १४ जुलै २००५ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, आपण उभारिलेल्या त्याच घरात त्यांनी देह ठेविला.

त्यांच्या कामाचे लोण आमच्या देशापर्यंत पोहोचले आहे. १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे डॉ. डिसूझा यांनी शांती आवेदना सदन स्थापिले. हिंदुस्थानातील असे हे पहिले घर होय. पुढे गोव्यातही त्याची शाखा निघाली. परंतु आपल्याच देशात सरकारी परवान्याने अफू पिकते, आणि आपल्याच रोग्यांस त्यापासून होणारे मॉर्फीन मिळणे १९८५ च्या कडक कायद्याने दुरापास्त झाले. तो कायदा २०१४ साली सौम्य करण्यात आला. तरी खेड्यातील पुष्कळ रोगी आजही तळमळतच मरतात.

म्हणून, बंधुभगिनींनो, अशा घरी आपण गेलो म्हणजे ही वेदना पापाची शिक्षा आहे असे सांगू नये, आणि ती मुकाट्याने सोसण्यातच भक्ती आहे असेही शिकवू नये. कोठे दुखते, हे आधी विचारावे. वेदनेवर औषध आहे हे घरच्यांस सांगून डॉक्टरकडे स्वतः जावे, आणि मिळालेले औषध घड्याळाप्रमाणे दिले जाते की नाही ते पाहावे. मग बसावे. त्या परक्या वाढप्यास पुस्तकाहून जे अधिक हवे होते, तेच आमच्या गावच्या रोग्यासही हवे आहे, आणि ते देण्यास पैसा लागत नाही.