झामेनहॉफ : बोलणाऱ्यांपुढे नमलेला भाषाकार

चार भाषांच्या गावात वाढणाऱ्या मुलाची व्यथा सीमाभागातील वाचकाला वेगळी समजावून सांगायला नको. लुडविक लाझार झामेनहॉफ यांचा जन्म 15 डिसेंबर 1859 रोजी ब्यालिस्टोक येथे झाला. आज पोलंडमध्ये असलेले हे गाव तेव्हा रशियन साम्राज्यात होते. रशियन, पोलिश, जर्मन आणि यिडिश बोलणारे लोक एकाच बाजारात वावरत. पण एकमेकांकडे संशयाने पाहत. कोणा एकाची नसलेली, म्हणून सर्वांची होऊ शकेल अशी भाषा हवी, असे या ज्यू मुलाच्या मनाने घेतले.

पुढे ते नेत्रवैद्य झाले. 1887 साली 'डॉक्टर एस्पेरांतो', म्हणजे आशा बाळगणारा, या टोपणनावाने त्यांनी वॉर्सात एक लहानसे पुस्तक काढले. तेच नाव भाषेला चिकटले. पुस्तकातच त्यांनी या भाषेवरील आपला हक्क सोडून दिला.

व्याकरणाचे नियम अवघे सोळा. आपल्याकडे शंभरपर्यंतचे आकडे मुलांना एकेक घोकावे लागतात. एस्पेरांतोत 'दू' म्हणजे दोन, 'त्री' म्हणजे तीन, 'देक' म्हणजे दहा. मग 'दुदेक' वीस आणि 'दुदेक त्री' तेवीस. विशेषणाच्या शेवटी नेहमी 'आ' येतो. चांगला, चांगली, चांगले या तिन्हींना 'बोना' हा एकच शब्द. मात्र नाम अनेकवचनी झाले की विशेषणही बदलते : 'बोना लिब्रो' म्हणजे चांगले पुस्तक, 'बोनाय लिब्रोय' म्हणजे चांगली पुस्तके.

हा बदल अनेकांना खटकत होता. 1894 मध्ये खुद्द झामेनहॉफ यांनीच सुधारणांचा आराखडा मांडला. विशेषणाचे हे रूप गाळण्याची सूचना त्यात होती. भाषेच्या मासिकाच्या वाचकांनी मतदान केले आणि बहुमताने जुनीच भाषा राखली. जन्मदात्याने हा कौल निमूटपणे मानला. 1907 नंतर काही अनुयायांनी विशेषणाचा तो बदल काढून 'इडो' ही निराळी भाषा केली, तेव्हाही ते तिकडे गेले नाहीत.

14 एप्रिल 1917 रोजी, महायुद्ध चालू असताना, वॉर्सात त्यांचे निधन झाले. पुढच्या महायुद्धात त्यांची तिन्ही मुले नाझींच्या हातून मारली गेली. भाषा मात्र उरली, आजही देशोदेशी बोलली जाते. एका माणसाने घडवलेली भाषासुद्धा अखेर बोलणाऱ्यांचीच होते, हे त्याच माणसाने सर्वांआधी ओळखले होते.