कर्करोगाचे मूळ शोधणारे डॉ. खानोलकर

खारघरच्या 'अॅक्ट्रेक' या कर्करोग संशोधन केंद्रातील 'खानोलकर शोधिका' डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव धारण करते. १८९५ मध्ये जन्मलेल्या खानोलकरांनी १९२३ मध्ये लंडन विद्यापीठातून विकृतिशास्त्रातील एम. डी. पदवी मिळविली. मुंबईत काही काळ अध्यापन केल्यावर, १९४१ मध्ये परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले तेव्हा तेथील प्रयोगशाळांची सूत्रे त्यांच्याकडे आली.

त्यांचे वेगळेपण पुढच्या काही वर्षांत दिसले. सूक्ष्मदर्शकाखालील पेशींइतकेच लक्ष त्यांनी रुग्णाच्या सवयींकडे दिले. १९४४ मध्ये मुंबईतील मुखकर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा त्यांनी प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी सूर्याबाई यांच्यासह तीन निराळे कर्करोग वर्णिले. चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरणाऱ्यांच्या टाळूला, खैनी ओठाशी ठेवणाऱ्यांच्या खालच्या ओठाला, आणि कमरेला धोतर घट्ट आवळणाऱ्यांच्या तेथील त्वचेला व्याधी जडत होती. जिथे सवयीचा स्पर्श, तिथेच रोग! मात्र त्या स्पर्शाने पेशीच्या आत नेमके काय बिघडते, हे त्या काळच्या सूक्ष्मदर्शकाला दिसणे शक्य नव्हते.

१९५२ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. वर्षभरातच डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा शोध लागला. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद, पद्मभूषण, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकपद असे मानसन्मान लाभलेले खानोलकर १९७८ मध्ये निवर्तले.

त्यांनी उभारलेली संस्था २००२ मध्ये खारघरला आली. त्याच वर्षी अमेरिकेतील संशोधकांनी एक लक्षणीय गोष्ट दाखविली. डीएनए नेहमीच दुहेरी पिळात राहत नाही. ग्वानिन विपुल असलेल्या जागी त्याची चौपदरी घडी पडते. अनेक कर्करोगांत बेफाम होणाऱ्या 'मिक' जनुकाच्या आरंभी अशी घडी पडली की त्या जनुकाचे काम मंदावते. २०१३ मध्ये केंब्रिजच्या शंकर बालसुब्रमणियन यांच्या चमूने मानवी पेशींत या घड्या प्रत्यक्ष दाखविल्या. २०१८ मध्ये सिडनीच्या संशोधकांना सायटोसिनची 'आय-मोटिफ' ही गाठही आढळली. पण या घड्या म्हणजे जनुकाचे साधे बटण नव्हे. काही जनुकांजवळ त्या उलट कामाला चालना देत असाव्यात, असे पुढे दिसून आले. त्यांना घट्ट धरून ठेवणाऱ्या औषधांचे प्रयोग चालू आहेत. निरोगी पेशींतील अशाच घड्यांना धक्का न लावणे, हीच त्यातील मोठी अडचण आहे.