नानासाहेब पेशवे : पाठात अर्धे, कादंबऱ्यांत पूर्ण



आठवीच्या इतिहासात १८५७ च्या लढ्याचा पाठ आहे. राणी लक्ष्मीबाई जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ लढताना पडल्या, तात्या टोपे यांना एप्रिल १८५९ मध्ये शिवपुरीला फाशी दिली, बहादूरशहा रंगूनला गेले, हे सगळं मुलांना सांगता येतं. नानासाहेब पेशव्यांपाशी आलं की मात्र पाठ एका ओळीत संपतो : ते नेपाळात गेले. मग मुलं विचारतातच, पुढे काय झालं? या एका प्रश्नावर जगातल्या लेखकांनी जाडजूड कादंबऱ्या लिहिल्या आहेत. त्यात फ्रान्सचा ज्यूल व्हर्नसुद्धा आहे. म्हणून आज नानासाहेबांचं चरित्र थोडं सविस्तर सांगते. खरं काय घडलं ते आधी, कादंबऱ्या नंतर.

नानासाहेबांचा जन्म १८२४ चा, कर्जतजवळच्या वेणगावचा. वडील माधवराव नारायण भट. घर साधंच. तिकडे दुसरे बाजीराव १८१८ मध्ये राज्य गमावून कानपूरजवळ गंगाकाठी बिठूरला (ब्रह्मावर्त) राहत होते. कंपनी त्यांना वर्षाला ८ लाख रुपये तनखा देत होती. त्यांना वारस नव्हता. १८२७ मध्ये त्यांनी माधवरावांच्या या लहान मुलाला दत्तक घेतलं. कोकणातलं तीन वर्षांचं पोर पेशव्यांचा वारस धोंडोपंत झालं. बिठूरच्या त्याच वाड्याच्या आसऱ्याला मोरोपंत तांब्यांची मनकर्णिका होती, येवल्याहून आलेलं टोपे कुटुंब होतं. म्हणजे १८५७ चे तीन मोठे मराठी पुढारी एकाच वाड्याभोवती वाढले. मुलांना नकाशावर वेणगाव, येवला, बिठूर, झाशी एवढी चार ठिकाणं जोडायला सांगा, पाठ अर्धा तिथेच समजतो.

जानेवारी १८५१ मध्ये बाजीराव वारले आणि कंपनीने तनखा बंद केला. डलहौसीचं म्हणणं असं की तनखा बाजीरावांपुरता होता आणि त्यांनी मागे पुष्कळ पैसा ठेवला आहे. नानासाहेबांनी आधी तलवार काढली नाही, अर्ज काढले. एकामागून एक अर्ज फेटाळले गेले. शेवटी १८५३ मध्ये त्यांनी अझीमुल्ला खान यांना लंडनला पाठवलं. हे अझीमुल्ला म्हणजे १८३७-३८ च्या दुष्काळातून वाचलेला मुलगा. कानपूरच्या मिशनमध्ये वाढला, इंग्रजी आणि फ्रेंच शिकला. लंडनला काम झालं नाही. परत येताना ते इस्तंबूलमार्गे क्रिमियाच्या युद्धभूमीवर गेले आणि इंग्रज फौजेचे हाल डोळ्यांनी पाहून आले. इंग्रज हरू शकतात ही बातमी बिठूरला आली ती अशी.

एप्रिल १८५७ मध्ये नानासाहेब लखनौला जाऊन आले. तिथल्या इंग्रज अधिकाऱ्यांना संशय आला आणि त्यांनी कानपूरला तसं कळवलंही. पण कानपूरचे इंग्रज नानासाहेबांच्या मेजवान्या जेवलेले. कलेक्टरने तर सरकारी खजिन्याच्या रक्षणाला त्यांचेच लोक बोलावले! जूनच्या पहिल्या आठवड्यात कानपूरच्या शिपायांनी उठाव केला आणि नानासाहेब त्यांचे पुढारी झाले. जनरल व्हीलरच्या मातीच्या तटबंदीत स्त्रिया-मुलं धरून सुमारे ९०० माणसं अडकली होती. तीन आठवडे वेढा चालला. नावेतून अलाहाबादला जाऊ देण्याचं वचन दिलं गेलं, पण २७ जूनला सतीचौरा घाटावर गोळीबार झाला आणि बहुतेक पुरुष मारले गेले. नानासाहेबांनी स्वतःला पेशवा जाहीर केलं. १५ जुलैला, हॅवलॉकची फौज जवळ आलेली असताना, बीबीघरात ठेवलेल्या सुमारे २०० स्त्रिया आणि मुलांची कत्तल झाली.

हा भाग गाळून पुढे जायचा मोह आपल्याला होतो. मी गाळत नाही. हुकूम कोणी दिला यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. एप्रिल १८५९ मध्ये नानासाहेबांनी इंग्रजांना जे इश्तिहारपत्र पाठवलं, त्यात स्त्रिया-मुलांच्या हत्येचा आरोप त्यांनी नाकारला होता. पण निरपराध मुलं मेली हे खरं आहे. त्यानंतर इंग्रजांनी कानपूरला आणि वाटेतल्या गावागावांत जो सूड घेतला, झाडांना माणसं टांगली, तेही तितकंच खरं आहे. आठवीतल्या मुलांना दोन्ही गोष्टी कळतात. आपण समजतो त्यापेक्षा जास्त कळतात.

पुढची लढाई थोडक्यात. नोव्हेंबरात तात्या टोपे यांनी कानपूर जवळजवळ परत घेतलं, डिसेंबरात ते गेलं. नानासाहेब अवधमधून हटत हटत १८५९ च्या सुरुवातीला नेपाळच्या तराईत शिरले. बरोबर कुटुंब होतं, भाऊ बाळासाहेब होते. तराई म्हणजे दलदल, डास आणि ताप. त्याच वर्षी नानासाहेब तापाने गेल्याची बातमी आली. पण शव इंग्रजांपैकी कोणी पाहिलं नव्हतं, आणि इंग्रज सरकारने त्यांच्यावर १ लाख रुपयांचं बक्षीस लावलेलं होतं.

मग सुरू झाला तो हेरांचा आणि खबऱ्यांचा खेळ. कुठलाही साधू, कुठलाही फकीर नानासाहेब असू शकत होता. १८६३ मध्ये अजमेरला एकाला पकडलं, तो नाना नव्हता. १८७४ मध्ये ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी एक माणूस इंग्रजांच्या ताब्यात दिला. त्याला कानपूरला नेऊन जुन्या ओळखीच्या लोकांसमोर उभं केलं. तोही नाना नव्हता. उठाव होऊन सतरा वर्षं झाली होती!

याच काळात ज्यूल व्हर्नने नानासाहेबांना उचललं. त्याची कादंबरी १८८० ची, इंग्रजी नाव द स्टीम हाऊस. वाफेवर चालणारा पोलादी हत्ती चाकांवरची घरं ओढत कलकत्त्याहून निघतो, आत कर्नल मन्रो नावाचा इंग्रज आणि त्याचे मित्र. मन्रोची बायको कानपूरला मारली गेली असं तो समजतो. वेष पालटून फिरणारा नाना त्याच्या मागावर, आणि मन्रो नानाच्या. आणि ही कादंबरी सुरू कुठे होते? आपल्या मराठवाड्यात. १८६७ साली, औरंगाबादेत, नानासाहेबांना पकडून देणाऱ्याला २००० पौंड बक्षीस अशी नोटीस भिंतीवर लागते. नाना फकिराच्या वेषात गावात असतो, तिथून वेरूळच्या लेण्यांकडे निसटतो.

इथे थांबून मुलांना चुका शोधायला लावाव्यात, त्यांना फार आवडतं. औरंगाबाद तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतंच, निजामाच्या राज्यात होतं. आपला येरमाळ्याचा भागसुद्धा. (१८५३ ते १८६० एवढा काळ नळदुर्ग-धाराशिव कंपनीकडे होतं. तेव्हा नळदुर्गला मेडोज टेलर अधिकारी होता, आणि गंमत म्हणजे त्यानेही पुढे १८५७ वर सीता ही कादंबरी लिहिली.) खरं बक्षीस १ लाख रुपये, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने सुमारे १०,००० पौंड, व्हर्नने भाव बराच उतरवला. आणि झाशीच्या राणीला मन्रोने स्वतःच्या हाताने मारलं असं तो लिहितो, तर मन्रो हे पात्रच काल्पनिक. व्हर्न भारतात कधी आला नव्हता. त्याच्या पुस्तकातला नाना सूडाने पेटलेला खलपुरुष आहे. तनखा, अर्ज, लंडनची खेप यांतून तो माणूस कसा घडला, याचं वजन गोष्टीत कुठे जाणवत नाही.

पण याच व्हर्नचा कॅप्टन निमो आठवा. समुद्राखालच्या पाणबुडीतला तो अबोल नायक पुढच्या एका पुस्तकात बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार निघतो, १८५७ मध्ये इंग्रजांशी लढून सगळं गमावलेला. म्हणजे एकाच लेखकाने त्याच लढ्यातला काल्पनिक बंडखोर नायक केला आणि खरा बंडखोर खलनायक. मला यात मोठी मेख वाटते. काल्पनिक माणसाला कसंही उदात्त करता येतं, खऱ्या नानासाहेबांवर मात्र युरोपातल्या वर्तमानपत्रांनी कानपूरचा शिक्का आधीच मारला होता.

विसाव्या शतकातही हे थांबलं नाही. जॉर्ज मॅकडोनाल्ड फ्रेझर यांच्या १९७५ च्या कादंबरीत इंग्लंडचे पंतप्रधान पामर्स्टन स्वतः फ्लॅशमन नावाच्या भित्र्या अधिकाऱ्याला गुप्त कामगिरीवर झाशीला पाठवतात, आणि तिथे राणी लक्ष्मीबाई भेटतात. ही हेरकथा मोठ्यांचीच आहे, मुलांच्या हाती देऊ नये. तिच्या आधी १९७२ मध्ये मनोहर माळगावकरांनी द डेव्हिल्स विंड लिहिली. माळगावकर लष्करात लेफ्टनंट कर्नल होते, हेरकथाही लिहीत. पण या पुस्तकात त्यांनी नानासाहेबांना कोणाच्या मागावर लावलं नाही, त्यांना स्वतःची हकीकत स्वतः सांगू दिली. तीही कादंबरीच, पुरावा नव्हे. तरी शंभर वर्षं ज्यांच्याबद्दल इतरच बोलत होते, त्यांच्या तोंडी कोणीतरी शब्द दिले.

पालकांसाठी एक सुचवणी. व्हर्नच्या कथा भा. रा. भागवतांनी मराठीत आणल्यात, त्यामुळे पुष्कळ मुलांना निमो ओळखीचा असतो. ज्याला माहीत नसेल त्याला आधी निमोची गोष्ट वाचू द्या. मग वेरूळच्या सहलीला गेलात की व्हर्नच्या नानाची गोष्ट तिथे सांगा, आणि कर्जतच्या बाजूला जाणं झालं तर वेणगावला गाडी थोडा वेळ थांबवा.