डेसिबलमधले बेल

टेलिफोनचा शोध कोणी लावला, या एका मार्काच्या प्रश्नापुरतेच अलेक्झांडर ग्रॅहम बेल शाळेत माझ्या ओळखीचे होते. पुढे बी.ए.ला गेले आणि विज्ञानाशी संबंधच सुटला. तेच बेलसाहेब पंचेचाळिशी उलटल्यावर पुन्हा भेटले, आणि तेही गणपतीतल्या डीजेमुळे!

झालं असं, की जळगावात आम्ही काही जणींनी गणेशोत्सवात गल्लीतला आवाज मोजायचं ठरवलं. आवाजाची तक्रार केली की किती होता, हा पहिला प्रश्न येतो आणि आपण गप्प होतो. माझं कारण घरातलंच होतं. सासूबाईंना कमी ऐकू येतं, कानाला यंत्र आहे. डीजे सुरू झाला की ते यंत्र सगळा दणदणाट कानात ओततं. मग त्या यंत्र काढून डबीत ठेवतात आणि भरल्या घरात एकट्या बसून राहतात.

ओळखीतून आवाजाचं मीटर मिळालं. ते दर सेकंदाला एक आकडा नोंदवतं, म्हणजे तासाचे ३,६०० आकडे झाले. मी आपली भिशीच्या हिशेबासारखी बेरीज केली आणि भागाकार केला. मीटरबरोबरचं सॉफ्टवेअर मात्र भलतंच उत्तर देत होतं. वर एल १०, एल ५०, एल ९० अशी अक्षरं. काही केल्या उलगडा होईना. शेवटी धुळ्याला देवपुरात राहणाऱ्या भाच्याला, माझ्या नणंदेच्या मुलाला फोन केला. तो इंजिनीअर आहे. मामी, फाइल घेऊन इकडेच या, म्हणाला. दुसऱ्या दिवशी एरंडोल, पारोळा करत एसटीने धुळे गाठलं.

त्याने आधी माझी सरासरी खोडली. डेसिबलची शिडी वेगळी असते म्हणे. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दहापट होते. म्हणून अर्धा वेळ ६० आणि अर्धा वेळ ८० डेसिबल असेल, तर सरासरी ७० नाही, ७७ येते. मोठा आवाज सगळ्यांना खाऊन टाकतो. मग एल १० समजावलं. शाळेत मुलं उंचीने रांगेत उभी करतात, तसे सगळे आकडे मोठ्यापासून लहानापर्यंत लावायचे. वरचे दहा टक्के जिथे संपतात तो एल १०, म्हणजे दणक्यांचा आकडा. नव्वद टक्के जिथे संपतात तो एल ९०, म्हणजे ज्याच्या खाली आवाज क्वचितच उतरतो तो तळ. मी सॉफ्टवेअरमध्ये नोंदींमधलं अंतर चुकीचं भरलं होतं, तेही त्याने दुरुस्त करून दिलं. बोलता बोलता म्हणाला, डेसी म्हणजे दहावा भाग आणि बेल म्हणजे ग्रॅहम बेल. जळगावला परत आल्यावर मी त्यांचं चरित्र मिळवून वाचलं.

३ मार्च १८४७ ला स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात त्यांचा जन्म झाला. वडील उच्चारशास्त्राचे शिक्षक. बोलताना ओठ, जीभ, घसा कसे ठेवायचे हे चिन्हांनी दाखवणारी एक लिपीच त्यांनी तयार केली होती. आई एलायझा यांना नीट ऐकू येत नसे, तरी त्या पियानो उत्तम वाजवत. बाकीचे लोक त्यांच्या कानाला लावलेल्या नळीत मोठ्याने बोलत. हा मुलगा मात्र आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या, स्पष्ट आवाजात बोले आणि तिला ते समजे. हे वाचलं आणि मी पुस्तक जरा वेळ बाजूला ठेवलं. आमच्या घरात आम्ही सगळे नुसते ओरडतो.

दोन्ही भाऊ क्षयाने गेले. उरलेला मुलगा तरी जगावा म्हणून आईवडील त्याला घेऊन १८७० साली कॅनडाला गेले. पुढे बेल अमेरिकेत बोस्टनला कर्णबधिर मुलांना बोलायला शिकवू लागले. त्यांच्याकडे मेबल हबर्ड ही विद्यार्थिनी आली. स्कार्लेट तापात पाचव्या वर्षी तिचं ऐकणं गेलेलं, पण ओठांवरून बोलणं ओळखण्यात तरबेज. ती त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान होती. पुढे १८७७ साली दोघांचं लग्न झालं.

तारेतून माणसाचा आवाज पाठवायचा, ही कल्पना डोक्यात होती. पण बेल मूळचे शिक्षक, विजेचं ज्ञान बेताचंच. १८७५ साली ते वॉशिंग्टनला जोसेफ हेन्री या ज्येष्ठ शास्त्रज्ञांना भेटले आणि आपल्याला विजेतलं पुरेसं कळत नाही, हे त्यांनी मोकळेपणाने सांगून टाकलं. नसेल तर मिळवा, असा हेन्रींचा सल्ला होता. मला कलाशाखेच्या बाईला हा प्रसंग फार आवडला! हाताशी थॉमस वॉटसन हा विशीतला कारागीर होता. बेल सांगत आणि वॉटसन ते तारा-चुंबकं जोडून करून दाखवत. ७ मार्च १८७६ ला पेटंट मिळालं आणि तीनच दिवसांनी दुसऱ्या खोलीतल्या वॉटसनला तारेतून बेल यांची हाक ऐकू गेली. पेटंटवरून पुढे वर्षानुवर्षं खटले चालले, ते इथे सोडून देते.

लग्नात बेल यांनी कंपनीतले आपले दहा सोडून सगळे शेअर मेबलच्या नावावर केले. आता गंमत म्हणा की दुःख, ज्या दोन बायका त्यांना सर्वांत जवळच्या, त्या आई आणि बायकोला टेलिफोनवरचं बोलणं कधी ऐकूच येणार नव्हतं.

१८७९ साली त्यांनी ऐकण्याची शक्ती तपासणारं यंत्र बनवलं. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, तेव्हा शरीरातली गोळी शोधायला बेल यांनी यंत्र नेलं. ते भलतेच आवाज काढत राहिलं. गादीतल्या लोखंडी स्प्रिंगांनी घोळ केला, असं सांगतात. गोळी सापडली नाही आणि अध्यक्ष वाचले नाहीत. त्याच उन्हाळ्यात बेल यांचं नवजात बाळ श्वास घेता न आल्याने गेलं. मग त्यांनी श्वासोच्छ्वासाला मदत करणारं धातूचं जाकीट तयार केलं.

एक गोष्ट मात्र मला खटकली. कर्णबधिरांनी हातवारे सोडून बोलायलाच शिकावं, हा त्यांचा हट्ट होता. कर्णबधिरांनी आपापसात लग्नं करू नयेत, असंही मत त्यांनी १८८३ मध्ये मांडलं. आजही पुष्कळ कर्णबधिर लोक त्यांना त्याबद्दल माफ करत नाहीत. जन्मभर ज्यांच्यासाठी राबले, त्यांना काय हवंय ते नीट विचारलंच नाही. हेलन केलर यांनी मात्र आपलं आत्मचरित्र त्यांनाच अर्पण केलं आहे.

२ ऑगस्ट १९२२ ला कॅनडात त्यांचं निधन झालं. अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतले टेलिफोन एक मिनिट बंद ठेवले होते. पाच महिन्यांत मेबलही गेल्या. त्याच दशकात टेलिफोन कंपनीच्या इंजिनीअरांनी आवाज मोजण्याच्या एककाला त्यांचं नाव दिलं. आपल्याकडे २००० सालच्या नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, ती त्यांच्याच नावाने मोजायची.

तर मी तक्ता केला, अर्ज लिहिला. तो देण्याआधी सासूबाईंसमोर बसले. ओरडले नाही. कपाळाजवळ वाकून, हळू आवाजात विचारलं, अर्जात काय मागू? मला वाटलं होतं, डीजे बंद करा म्हणतील. तसं त्या काही म्हणाल्या नाहीत. त्यांना आरती ऐकायची होती. घरात टाळ वाजतात, पण बाहेरच्या धडधडीत यंत्र डबीत असतं. निदान तेवढा वेळ बाहेर शांत राहू दे, म्हणाल्या. आणि आरतीच्या वेळचा आकडा कागदावर कुठला, असं विचारून तक्त्यावरून बोट फिरवू लागल्या.

मी सगळ्या संध्याकाळचा मिळून एकच आकडा काढला होता. आरतीची पंधरा मिनिटं वेगळी कशी काढायची, ते मला येत नव्हतं. पुन्हा धुळ्याला फोन लावला.