२४ वर्षांची अ‍ॅलिस आणि एक कडू तेल

मैत्रिणींनो, घरात दहावीचं मूल असेल तर विज्ञानाच्या पुस्तकातला कार्बनी संयुगांचा धडा तुमच्याही ओळखीचा असेल. परवा माझी भाची तोच धडा पुढ्यात घेऊन रडवेली होऊन बसली होती. आम्ल अधिक अल्कोहोल, बाणावर सौम्य उष्णता आणि तीव्र आम्लाचे थेंब, आणि बाणाच्या पलीकडे इस्टर अधिक पाणी. पाठ करून करून तिला कंटाळा आला होता. हे शिकून कुणाचं काय भलं झालंय, असा तिचा सरळ प्रश्न. मी हातातली भाजी निवडायची बाजूला ठेवली आणि तिला अ‍ॅलिस बॉलची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगते.

अ‍ॅलिस ऑगस्टा बॉल. जन्म २४ जुलै १८९२, अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल गावी. कृष्णवर्णीय कुटुंब, पण शिकलंसवरलेलं. वडील वर्तमानपत्राचे संपादक आणि वकील, आई फोटोग्राफर. आजोबा जेम्स प्रेस्ली बॉल तर त्या काळचे नामांकित छायाचित्रकार. गुलामगिरी अजून संपलेली नव्हती तेव्हापासून हा माणूस स्वतःचा स्टुडिओ चालवत होता. तेव्हा फोटो काढायचा म्हणजे रसायनांशी खेळणंच. पोरीने लहानपणापासून घरात हेच पाहिलं. आजोबांना संधिवाताचा त्रास, म्हणून उबदार हवेसाठी सगळं कुटुंब पॅसिफिक समुद्रातल्या हवाई बेटांवर राहायला गेलं. १९०४ मध्ये आजोबा गेले आणि वर्षभरात मंडळी सिअ‍ॅटलला परतली. पण त्या बेटांशी अ‍ॅलिसची ओळख झाली ती अशी.

शाळेत ती विज्ञानात हुशार. पुढे वॉशिंग्टन विद्यापीठातून तिने दोन पदव्या घेतल्या, १९१२ साली औषधी रसायनशास्त्राची आणि १९१४ साली औषधनिर्माणशास्त्राची. त्याच वर्षी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात तिच्या प्राध्यापकांबरोबर तिचंही नाव असलेला शोधनिबंध छापून आला. मुलगी, त्यात कृष्णवर्णीय, आणि वय २२! मग ती एम.एस्सी.ला हवाईच्या कॉलेजात गेली. तिथे ‘कावा’ नावाच्या झाडाच्या मुळांत कोणकोणती रसायनं असतात ते शोधून १९१५ साली तिने पदवी मिळवली. त्या कॉलेजातून ही पदवी घेणारी ती पहिली स्त्री. लगेच तिथेच तिला रसायनशास्त्र शिकवण्याची नोकरीही मिळाली.

आता जरा त्या बेटांवर काय चाललं होतं ते सांगायला हवं, नाहीतर तिच्या कामाचं मोल कळणार नाही.

हवाईत कुष्ठरोगाने थैमान घातलं होतं. १८६५ साली तिथे कायदा झाला आणि १८६६ पासून रोग्यांना पकडून मोलोकाई बेटाच्या एका टोकाला नेऊन सोडायला सुरुवात झाली. त्या जागेचं नाव कलाउपापा. तिन्ही बाजूंनी समुद्र आणि चौथ्या बाजूला उभा कडा. पळणार कुठे? जवळजवळ शंभर वर्षांत आठ हजारांवर माणसं तिथे पाठवली गेली. नवऱ्यापासून बायको तोडली, आईपासून लेकरू तोडलं. तिथेच कुणी बाळंत झाली तर मूल लगेच काढून दुसरीकडे वाढवायला देत. तो कायदा १९६९ मध्ये संपला. आपण काही फार वेगळे होतो असं मला म्हणवत नाही. आपल्याकडेही या दुखण्याला ‘महारोग’ म्हणून माणसं गावाबाहेर काढली. आणि जोडीदाराला कुष्ठरोग झाला म्हणून घटस्फोट मागायची सोय आपल्या विवाह कायद्यात होती, ती निघाली २०१९ साली! घराबाहेर पडायची वेळ यात जास्त करून कुणावर आली असेल, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

या रोगावर तेव्हा एकच औषध थोडंफार लागू पडे, चालमोगऱ्याचं तेल. नावात मोगरा असला तरी सुगंधाशी त्याचा काडीचा संबंध नाही. हे झाड ब्रह्मदेश, आसामकडचं. त्याच कुळातलं एक झाड आपल्या सह्याद्रीत आणि कोकणात आहे, ते म्हणजे कडू कवठ. सुश्रुतसंहितेत तुवरक म्हणून आलंय ते हेच असं मानतात. कोकणातल्या मैत्रिणींना त्याच्या बियांचं तेल ठाऊक असेल, खाजखरजेवर लावायची पद्धत आहे. १८५४ साली कोलकात्यातल्या मुआट नावाच्या डॉक्टरांनी चालमोगऱ्याविषयी लिहिलं आणि हे तेल पाश्चात्त्य वैद्यकात गेलं.

पण हे तेल द्यायचं कसं? वरून चोळलं तर गुण बेताचा. पोटात द्यावं तर इतकं कडू आणि उग्र की रोगी उलटी करून मोकळा. सुईने टोचावं तर घट्ट आणि चिकट. ते रक्तात शिरायचंच नाही. टोचलं तिथेच कातडीखाली साठून राहायचं, गाठींच्या रांगा उठायच्या, गळवं व्हायची. नुसत्या कल्पनेनेच अंगावर काटा येतो.

होनोलुलूच्या कालिही इस्पितळात हॅरी हॉलमन नावाचे डॉक्टर होते. त्यांना वाटलं, या तेलातला गुणकारी भाग वेगळा काढून टोचता आला तर? त्यांना रसायन जाणणारं माणूस हवं होतं. कावाच्या मुळांवर काम केलेल्या या मुलीचं नाव त्यांच्या कानावर आलं. अ‍ॅलिसचं वय होतं २३. दिवसा कॉलेजात शिकवायचं आणि उरल्या वेळात या तेलामागे लागायचं, असं सुरू झालं.

आता इथे आपला तो दहावीचा धडा येतो. घाबरू नका, सगळं स्वयंपाकघरातलंच आहे.

कुठलंही गोडंतेल घ्या, खोबरेल घ्या, नाहीतर हे कडू तेल घ्या. त्याचा रेणू एकाच घाटाचा असतो. ग्लिसरीनचा एक आखूड दांडा आणि त्याला लोंबणाऱ्या तीन लांब शेपट्या. प्रत्येक शेपटी म्हणजे एक मेदाम्ल, कार्बनच्या अणूंची मण्यांसारखी ओवलेली माळ. माळेच्या एका टोकाला कार्बन, दोन ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन यांचा फासा असतो. पुस्तकात याला कार्बोक्झिलिक आम्लाचा क्रियात्मक गट म्हणतात. माळेची खरी करामत या फाशात, कारण जोडणं-तोडणं सगळं तिथे होतं. व्हिनेगरमध्ये हाच फासा असतो, फक्त माळ दोनच मण्यांची. चालमोगऱ्याच्या मुख्य मेदाम्लांत १८ आणि १६ कार्बन असतात, आणि गंमत म्हणजे माळेच्या दुसऱ्या टोकाला पाच कार्बनचं एक कडं असतं. आपल्या रोजच्या खायच्या तेलात असलं कडं सापडणार नाही.

तीन शेपट्या एका दांड्याला बांधलेल्या, म्हणजे रेणू अवजड. ते एकमेकांत गुंततात आणि तेल घट्ट वाहतं. मग पहिलं काम काय, तर शेपट्या दांड्यापासून सोडवायच्या. त्यासाठी तेलात कॉस्टिकसारखा अल्कली घालून तापवायचं. ज्यांनी घरी साबण केला असेल त्यांना कळलंच असेल, हा तर साबणच झाला! ग्लिसरीन सुटलं आणि मेदाम्लांचे क्षार म्हणजे साबण उरला. यालाच साबणीकरण म्हणतात. आता या साबणात आम्ल घातलं की मेदाम्लं मोकळी होऊन वर येतात.

मग तीच टोचायची की! पण तसं जमत नाही. फासा उघडा असलेलं मेदाम्ल शरीराला झोंबतं, त्याने आग होते. तो फासा बंद करायला हवा. आणि इथे माझ्या भाचीचा कंटाळवाणा बाण येतो. मेदाम्लात इथाइल अल्कोहोल घालायचं, तीव्र आम्लाचे थेंब टाकायचे आणि तापवायचं. आम्लाच्या फाशातून आणि अल्कोहोलातून मिळून पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि उरलेले दोघे एकमेकांना जोडले जातात. झाला इस्टर. फाशावर इथाइलची एवढीशी टोपी बसली.

ही अभिक्रिया हट्टी असते हं. तयार झालेलं पाणी इस्टरला परत फोडायला बघतं. त्यामुळे अल्कोहोल सढळ हाताने घालावं लागतं. छोट्या माळेचे इस्टर मोठे सुवासिक असतात. केळ्याचा, अननसाचा जो इसेन्स बाजारात मिळतो त्याचा वास बहुधा इस्टरचाच. नेलपॉलिश काढायच्या बाटलीतही पुष्कळदा इथाइल अ‍ॅसिटेट नावाचा इस्टर असतो. अ‍ॅलिसचा इस्टर त्यांचाच भाऊबंद, फक्त माळ लांबलचक.

तीन शेपट्यांच्या अवजड रेणूऐवजी आता एका शेपटीचा सुटसुटीत रेणू हाती आला. पातळ, वाहता, सुईतून सहज जाणारा, आणि शरीरात गेल्यावर एका जागी न साचता शोषला जाणारा. तिने तेल पाण्यात विरघळणारं केलं, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. ते काही खरं नव्हे. इस्टर काही साखरेसारखा पाण्यात विरघळत नाही. तो पातळ झाला, त्याचा दाह कमी झाला आणि तो शरीराला झेपला, हेच काय ते मोठं काम. साबणीकरण आणि इस्टर या दोन्ही अभिक्रिया तेव्हा रसायनशास्त्रात जुन्याच होत्या. पण ज्या तेलाने रोगी आणि डॉक्टर दोघेही मेटाकुटीला आले होते, त्यावर त्या नेमक्या कशा लावायच्या हे या पोरीने वर्षाच्या आत दाखवून दिलं.

पण ते छापून जगापुढे मांडायला तिला सवड मिळाली नाही. १९१६ मध्ये ती आजारी पडली आणि सिअ‍ॅटलला परतली. ३१ डिसेंबर १९१६ रोजी, ऐन वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ती गेली. वय २४. वर्गात प्रयोग दाखवताना क्लोरीन वायू छातीत गेल्याने ती आजारी पडली, अशी बातमी होनोलुलूच्या वर्तमानपत्रात आली होती. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र क्षयरोग असं लिहिलेलं आहे. तिने केलेल्या औषधाने बरा झालेला एकही रोगी तिला बघायला मिळाला नाही.

पुढे जे झालं ते वाचताना मला तरी राग आवरला नाही. कॉलेजचे अध्यक्ष आर्थर डीन हे स्वतः रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी हे काम पुढे नेलं, औषध मोठ्या प्रमाणावर बनवलं. तिथपर्यंत ठीक, त्यात मेहनत होतीच. पण त्यांनी जे निबंध छापले त्यांत अ‍ॅलिसचं नाव नाही. पद्धतीला ‘डीन पद्धत’ म्हणू लागले. त्या इंजेक्शनांनी कालिही इस्पितळातून ७८ रोगी घरी गेले. घरी, कलाउपापाला नव्हे! नव्याने आजारी पडलेल्या कित्येकांना बेटावर धाडण्याऐवजी उपचार मिळू लागले. औषध दूरदूरच्या देशांत गेलं. आपल्या कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्येही १९२० च्या दशकात असे इस्टर वापरून उपचार झाले, आणि त्या काळात आपल्या पश्चिम घाटातल्या कडू कवठाच्या तेलालाही मागणी आली.

हा पक्का इलाज नव्हता, हेही सांगायला हवं. काही जणांचा रोग उलटायचा, आणि इंजेक्शनं दुखायचीच. १९४० च्या दशकात सल्फोन जातीची औषधं आली आणि चालमोगरा मागे पडला. पुढे १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचवला. आज त्या गोळ्यांनी कुष्ठरोग पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. अंगावर बधिर, फिकट चट्टा दिसला तर लपवत बसू नका, एवढं मात्र जाता जाता सांगते.

अ‍ॅलिसच्या बाजूने एकच माणूस बोलला, डॉक्टर हॉलमन. १९२२ साली त्यांनी आपल्या निबंधात हे काम तिचं आहे असं स्पष्ट लिहिलं आणि पद्धतीला ‘बॉल पद्धत’ म्हटलं. पण ऐकतंय कोण? पुढची पन्नास वर्षं ते नाव कागदांतच पडून राहिलं. १९७० च्या दशकापासून हवाईतल्या काही अभ्यासकांनी जुनी दप्तरं उपसली आणि ही मुलगी पुन्हा सापडली.

हवाई विद्यापीठाच्या आवारात चालमोगऱ्याचं एक झाड आहे. २००० साली २९ फेब्रुवारीला त्या झाडापाशी तिच्या नावाची पाटी बसवली. (दर चार वर्षांनी येणारी तारीखच बरी सापडली, असं मी मनात म्हटलं!) २००७ साली विद्यापीठाने तिला मरणोत्तर पदक दिलं. लंडनमध्ये स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनची इमारत आहे. तिच्या दर्शनी भिंतीवर आरोग्यक्षेत्रातल्या २३ थोर मंडळींची नावं कोरलेली होती, सगळे पुरुष. २०१९ मध्ये तिथे तीन बायकांची नावं घातली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल, मेरी क्यूरी आणि अ‍ॅलिस बॉल.

भाचीने वहीतला तो बाण पुन्हा काढला. या वेळी आम्लाच्या जागी तिने चालमोगऱ्याचं मेदाम्ल लिहिलं आणि बाणावर छोट्या अक्षरात अ‍ॅलिसचं नाव. बाईंनी गुण कापले तर, असं मी विचारलं, तर म्हणाली, कापू देत.