तबला बोलू लागला

गाण्याला शब्द असतात. शब्द कळले की गाणे कळते. पण नुसत्या वाद्याला शब्द नसतात. तबल्याला तर बासरीसारखे लांबत जाणारे सूरही नसतात. मग तासभर चालणाऱ्या एकट्या तबल्यात ऐकायचे काय? पूर्वी पुष्कळांना असेच वाटे. तबलजीने गवयाच्या बाजूला बसून ठेका धरावा, एवढेच त्याचे काम मानले जाई. ही समजूत ज्या थोर कलावंतांनी बदलली, त्यांत उस्ताद अहमदजान थिरकवा यांचे नाव आदराने घेतले जाते.

अहमदजान यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुरादाबाद येथे झाला. हे शहर आजच्या उत्तर प्रदेशात आहे. त्यांचे वडील सारंगी वाजवत. अहमदजान मात्र तबल्याकडे वळले आणि मुंबईला उस्ताद मुनीर खाँ यांचे शागीर्द झाले. तेथे त्यांनी वर्षानुवर्षे रियाज केला. वाजवताना त्यांची बोटे जणू नाचत. थिरकणे म्हणजे लयीत नाचणे, हे तुम्हांला ठाऊकच आहे. त्यावरून लोक त्यांना थिरकवा म्हणू लागले आणि तेच त्यांचे नाव झाले.

पुढे ते बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत दाखल झाले. मराठी ही काही त्यांची मातृभाषा नव्हती. तरी पदाचा भाव ओळखून ते साथ करत. नाटकाला आलेले रसिक पदांबरोबर त्यांच्या तबल्यालाही दाद देत.

पण त्यांची खरी थोरवी दिसे ती एकट्या तबल्याच्या वादनात. असे वादन बहुधा सोळा मात्रांच्या त्रितालात होते. सारंगीवर किंवा पेटीवर एक लहानशी धून पुन्हा पुन्हा वाजत राहते. तिला नगमा म्हणतात. तालाच्या पहिल्या मात्रेला सम म्हणतात. तबलजी कितीही दूर भटकला, तरी त्याला समेवर परत यावे लागते.

मुलांनो, या वादनाच्या भागांची नावे पाहा. ती तुमच्या घरच्या बोलीतलीच आहेत. पहिला भाग पेशकार. पेश करणे म्हणजे अदबीने समोर ठेवणे. हा भाग सावकाश चालतो. पाहुण्याने दारात येऊन सलाम करावा, तसे वाटते. मग येतो कायदा. कायदा म्हणजे नियम. ठरलेले थोडेच बोल घ्यायचे आणि त्यांचीच उलटसुलट मांडणी करायची. बाहेरचा बोल आणायचा नाही. नियम पाळूनही किती नवे सुचू शकते, हे येथे कळते. त्यानंतर रेला. रेला म्हणजे लोंढा. बोल इतक्या वेगाने येतात, की त्यांची एकच धार वाटते. कळमनुरीच्या मुलाला तो ऐकून पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारी कयाधू आठवेल. मुंबईच्या मुलाला धडधडत जाणारी आगगाडी दिसेल. दोघांचेही बरोबर आहे. एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येतात, तिला तिहाई म्हणतात. समेवर पोहोचताच वाट चुकलेला माणूस घरी आल्यासारखा आनंद होतो.

थिरकवा यांच्या वादनात कितीही वेग असला, तरी प्रत्येक बोल स्पष्ट उमटे. डग्ग्याचा घुमारा गोड असे. हात कसलेला होता, म्हणूनच ऐकणाऱ्याच्या मनात चित्रे उभी राहत.

पुढे ते रामपूरच्या नवाबांच्या दरबारी होते. त्यानंतर लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात त्यांनी विद्यार्थ्यांना तबला शिकवला. पंडित निखिल घोष आणि पंडित लालजी गोखले हे त्यांचे नामवंत शिष्य. १९७० साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. म्हातारपणीही ते वाजवत राहिले. १३ जानेवारी १९७६ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या वादनाच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकायला मिळतात. त्या ऐकताना घाई करू नये. नगम्याचे बोट धरावे, सम ओळखावी आणि मन मोकळे ठेवावे. शब्द नसले, तरी तबला आपल्याशी बोलू लागतो.