इरावतीबाईंची मोजपट्टी

कोयना धरणाने उठविलेल्या साताऱ्यातील माणसांची पाहणी करणाऱ्या इरावती कर्वे मूळच्या मानवशास्त्राच्या अभ्यासक. पुढील अभ्यासासाठी त्या बर्लिनला गेल्या. कवटीच्या मापांत वंशभेद दिसावा, अशी तेथील प्रा. फिशर यांची अपेक्षा. मापे तसे सांगेनात, आणि बाईंनी मापांचेच ऐकले. हे धाडस लहान नव्हते. पुढे १९६८ साली मल्होत्रा यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण पोटजाती ताडून पाहिल्या, तेव्हा एका नावाखालचे हे गट शरीरलक्षणांत परस्परांहून बरेच भिन्न आढळले. म्हणूनच सातारा-सांगलीत आनुवंशिक रोगांची पाहणी करावयाची, तर नमुने केवळ जिल्हावार घेऊन भागणार नाही; बेटीव्यवहाराच्या वर्तुळात फिरणारा दोष जिल्ह्याच्या सरासरीत बुडून जातो. डीएनएचे वाचन हाती येण्यापूर्वीच, १९७० साली, बाई निवर्तल्या.